कूलरची तिसरी पिन आणि घरातली वायरिंग

मैत्रिणींनो, एप्रिल लागला की आपल्या चिचगड भागात घरोघरी माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. धूळ झटकतो, नवा वाळा भरतो, पंपाचा गाळ काढतो. प्लगकडे मात्र कोणी पाहत नाही. आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. त्यात पाणी भरणाऱ्या बायका असतात, खेळता खेळता हात लावणारी पोट्टीही असतात.

आता उठा आणि आपल्या कूलरचा प्लग बघा. त्याला तीन पिना आहेत का? वरची पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. बऱ्याच घरांत ती कापलेली दिसेल, नाहीतर प्लगच काढून वायरीची दोन टोकं काडी घालून बोर्डात खोचलेली दिसतील. "दोन पिनवर चालते ना, मंग तिसरी कशाले पाह्यजे?" असं आपण म्हणतो. चालतो, खरं आहे. कूलर चालायला दोनच तारा लागतात. तिसरी तार कूलरसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

फेजच्या तारेतून करंट येतो, न्यूट्रलच्या तारेतून परत जातो. कूलरच्या पंपाची वायर पाण्यात राहून राहून फुगते, कुठे उंदीर कुरतडतो, कुठे टिनाच्या कडेला घासून तिचं आवरण फाटतं. मग फेज थेट टिनाच्या बॉडीला लागतो. कूलर तरी फिरतच राहतो, बाहेरून काही कळत नाही. तुम्ही ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून पाणी ओतायला गेलात, एक हात बॉडीला लागला, की करंटला जमिनीत जायचा रस्ता सापडला. तो रस्ता म्हणजे तुमचं शरीर. तिसरी पिन जोडलेली असेल तर ती बॉडीला आधीच जमिनीशी जोडून ठेवते. करंट त्या सोप्या वाटेनं जातो, जोरात वाहतो, आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. ती पिन लांब ठेवण्यामागे हिशेब आहे: प्लग लावताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी.

पण प्लगला पिन आहे आणि बोर्डामागे हिरवी तारच नाही, असंही पुष्कळ घरी असतं. तेव्हा त्या पिनेचा काही उपयोग नाही. हिरवी तार बोर्डापासून मेन स्विचपर्यंत आणि तिथून बाहेर जमिनीत गाडलेल्या पाइपपर्यंत जायला हवी. साधारण अडीच मीटरचा जस्ती पाइप उभा गाडतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात, आणि वर पाणी टाकायला तोंड ठेवतात. मीठ-कोळसा ओल धरून ठेवतो, ओली माती करंट लवकर घेते. आपल्याकडे खाली मुरूम आहे, मे महिन्यात तो ठणठणीत कोरडा होतो. म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी त्या तोंडात बादलीभर पाणी ओता. तुळशीला घालतो तसंच.

हिरवी तार नळाच्या पाइपाला बांधणं, भिंतीत खिळा ठोकून त्याला गुंडाळणं, किंवा बोर्डातच न्यूट्रलला जोडून देणं, हे सगळे प्रकार अर्थिंग नव्हेत. यातला शेवटचा तर फारच वाईट. बाहेरची न्यूट्रल कुठे तुटली तर त्या क्षणी घरातल्या प्रत्येक टिनाच्या वस्तूच्या बॉडीत करंट येतो.

आता एमसीबीबद्दल एक गैरसमज. "आमच्याकडं एमसीबी बसवली आहे, भ्याव नाही," असं अनेक ताई सांगतात. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. 16 ॲम्पिअरची एमसीबी 16 ॲम्पिअरपेक्षा जास्त करंट वाहिला तरच पडते. माणसाच्या छातीतून ॲम्पिअरच्या दहाव्या भागाइतका करंट गेला तरी हृदय बंद पडू शकतं. म्हणजे तुम्हाला करंट लागलेला आहे आणि एमसीबीला त्याची खबरही नाही. कोरड्या मुरमात अर्थिंग नीट बसली नसेल तर बॉडीला फेज लागूनही एमसीबी पडण्याइतका करंट वाहत नाही, असंही होतं.

माणूस वाचवणारं यंत्र वेगळं, त्याचं नाव आरसीसीबी. त्याचं काम आपल्या गटाच्या हिशेबासारखं आहे. बैठकीत सचिव काय बघते? पेटीतून किती गेले, किती परत आले, दोन्ही जुळले पाहिजेत. आरसीसीबी हेच बघते: फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का? कमी आला तर मधला करंट कुठेतरी गळतो आहे, कदाचित कोणाच्या अंगातून. घरासाठीची आरसीसीबी 30 मिलीॲम्पिअरची घ्यायची. म्हणजे एका ॲम्पिअरच्या हजार भागांपैकी तीस भाग गळले की ती सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत लाईन तोडते. झटका लागतो, पण जीव वाचायची संधी राहते. दुकानात नुसतं "ट्रिपवाला स्विच द्या" म्हणू नका, एमसीबी हातात देतील. "30 मिलीॲम्पिअरची आरसीसीबी, आयएसआय मार्कची" असं सांगा. तिच्यावर टेस्ट लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा, गटाच्या बैठकीच्या दिवशी म्हणा, ते दाबा. लाईन गेली पाहिजे. नाही गेली तर यंत्र खराब आहे किंवा जोडणी चुकली आहे.

आरसीसीबी बसवल्यावर पहिल्या पावसात ती सारखी पडते आणि घरचे चिडून काढून टाकतात. ती खराब नसते. भिंतीत कुठेतरी वायर ओली होते आहे, हे ती सांगत असते. वायरमनला बोलावून ती जागा शोधा.

आपल्या बऱ्याच घरांत वीज आली ती सौभाग्य योजनेतून. 25 सप्टेंबर 2017 ला ही योजना सुरू झाली. त्यात घरापर्यंत केबल, मीटर, एक एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जिंगचा एक पॉइंट एवढीच जोडणी मिळाली. एका बल्बसाठी ती ठीक होती. मग त्याच पॉइंटवरून पंखा ओढला, टीव्ही आला, कूलर आला, मुलीच्या लग्नात मिक्सर आला. आता हिवाळ्यात पाणी तापवायचा रॉडही तिथेच. वायर मात्र तीच, बारीक.

हिशेब अवघड नाही. वस्तूवर लिहिलेले वॅट घ्या, 230 ने भागा, ॲम्पिअर मिळतात. 1000 वॅटची इस्त्री सव्वाचार ॲम्पिअरच्या वर जाते. 1500 वॅटचा रॉड साडेसहा ॲम्पिअर घेतो. आणि आपल्या बोर्डावरचा लहान सॉकेट असतो 6 ॲम्पिअरचा. म्हणून तो काळा पडतो, वितळतो, जळका वास येतो. रॉड, 2000 वॅटची इंडक्शन शेगडी, गटाच्या कामाची घरगुती चक्की यांना 16 ॲम्पिअरचा मोठा सॉकेट लागतो. त्याला मीटरजवळून वेगळी 2.5 किंवा 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतःची एमसीबी हवी. दिव्यांसाठी 1.5 ची पुरते. चक्कीची मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे ती एक्स्टेन्शन बोर्डावर कधीच लावू नका. नवी मोठी वस्तू घेण्याआधी वीजबिलावरचा 'मंजूर भार'ही वाचा. तो कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या.

जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घालायची सवय सगळीकडे आहे. सारखा फ्यूज उडतो म्हणून आपण ती घालतो. मग तार उडत नाही, त्याऐवजी भिंतीतली वायर जळते, आणि वर लाकडी फाटे असतात.

बटण नेहमी फेजवर असावं. ते न्यूट्रलवर असेल तर बल्ब बंद दिसतो, पण होल्डरमध्ये करंट असतो. वायरी बदलताना लाल फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थिंगलाच, असा आग्रह धरा. न्हाणीघराच्या दिव्याचं बटण बाहेर ठेवा. पोट्ट्यांच्या हाताशी येणारे सॉकेट शटरवाले घ्या.

कपडे वाळवायची तार हा आपल्याकडचा छुपा वैरी आहे. खांबावरून घरात येणारी केबल टिनाच्या कडेवर घासते, आवरण कापलं जातं, टिनात करंट उतरतो, टिनाला बांधलेल्या लोखंडी तारेत येतो आणि ओला लुगडा टाकणाऱ्या बाईला धरतो. ती तार आजच काढा, नायलॉनची दोरी बांधा. केबल टिनाला टेकत असेल तर वर चढू नका, 1912 वर महावितरणला कळवा. (रानडुकरांसाठी शेताच्या तारेत करंट सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात माणसं मेली आहेत. घरच्या माणसाला हे तुम्हीच सांगू शकता.)

मीटरपर्यंतची लाईन महावितरणची, मीटरच्या पुढची जबाबदारी आपली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम 2010 मध्ये आले, 2023 मध्ये नवे झाले. त्यांनुसार वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच करून घ्यायचं असतं. नवीन जोडणीच्या अर्जाला त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. कागदावर सही झाली म्हणजे तपासणी झाली, असं धरू नका. "मेगर लावून दाखवा, अर्थिंग तपासून दाखवा," असं उभं राहून म्हणा. घरकुल बांधत असाल तर प्लास्टर होण्याआधीच हिरवी तार प्रत्येक बोर्डापर्यंत गेली का ते बघा, नंतर भिंत फोडावी लागते. हातात पैसे नसतील तर गटाच्या अंतर्गत कर्जात घरदुरुस्ती म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबीचा खर्च मांडा. कूलरच्या किमतीपेक्षा तो जास्त होत नाही.

आणि कोणाला करंट लागलाच, तर आधी हात लावू नका. मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या पाटावर उभं राहून कोरड्या काठीनं वायर बाजूला सारा. माणूस सुटल्यावर श्वास बघा. श्वास नसेल तर एकीनं 108 ला फोन करायचा आणि दुसरीनं लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करायची. छाती दर वेळी पाच सेंटिमीटर खाली जावी, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत. थकल्यास दुसरी बसते. काही गावांत माणसाला गळ्यापर्यंत मातीत पुरतात, करंट जमिनीत उतरेल म्हणून. वायर सुटली त्याच क्षणी करंट संपलेला असतो, अंगात काही उरत नाही. पुरण्यात जातात ती मिनिटंच त्याच्या जिवाची असतात. तो शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी चिचगडच्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन दाखवा. झटक्यानंतर काही तासांनीही हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि जिथे करंट शिरला तिथला छोटासा काळा डाग आतून खोल भाजलेला असू शकतो.