पाणी कुठवर आलं?

इंद्रायणीकाठच्या गावात पारावरच्या बातम्या लहानच. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या दहाव्याला कोण प्रवचनकार येणार आणि पावसाळ्यात, पाणी कुठवर आलं. ही शेवटची बातमी घाटाच्या पायऱ्यांवर मोजतात. अमुक पायरी बुडाली की खालच्या आळीनं गुरं सोडायची. सांगणारा शेजारीच.

चिखली, मोशी ही गावं १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. शेतं गुंठ्यागुंठ्यानं विकली गेली. कारखान्यांत कामाला लातूर, बुलढाण्याकडून आलेली माणसं शेजारी झाली. त्यांना पायऱ्यांची भाषा कोण सांगणार?

तीच बातमी सरकारी नकाशावर दोन रेषांत असते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. मात्र एकदा पूर येऊन गेला की चोवीस वर्षं निर्धास्त, असं नव्हे. निळ्या रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दरसालच शंभरात चार असते.

चिखलीत या निळ्या रेषेच्या आत छत्तीस बंगले उभे राहिले. राष्ट्रीय हरित लवादानं २०२४ मध्ये ते पाडायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला. १७ मे २०२५ रोजी बंगले पडले. पाण्यानं नव्हे, महापालिकेच्या यंत्रांनी. आयुष्याची कमाई एका दिवसात गेली.

गुंठा घेताना आपण रस्ता विचारतो, नळ विचारतो. इसार देण्याआधी गट नंबर घेऊन नगररचना खात्यात निळी रेषा पाहावी. आणि त्याच वाटेवर एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारावं, बाबा, इथं पाणी कुठवर येतं?