सांध्यांतला चुना

नगरच्या भुईकोट किल्ल्याची सर्वांत प्रसिद्ध दुरुस्ती एका रात्रीत झाली. 1595 च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद याने किल्ल्याला वेढा घातला. पुढच्या फेब्रुवारीत सुरुंगाने तटाला मोठं खिंडार पडलं आणि किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीने स्वतः उभं राहून ते उजाडायच्या आत बुजवून घेतलं. इतिहासकार फिरिश्त्याने ही हकिकत लिहून ठेवली आहे. चुना घट्ट व्हायला जो वेळ लागतो तो तिच्याकडे नव्हता. शत्रू तटाखाली असताना केलेली ती डागडुजी त्या वेढ्यापुरती पुरली. नवल वाटतं ते आपलं: तट शांत उभे असतानाही गेल्या शतकात आपण दुरुस्त्या पुष्कळदा तशाच घाईने उरकल्या.

नगर जिल्ह्यातलं दगडी बांधकाम काही चुन्यापासून सुरू झालेलं नाही. अकोले तालुक्यातला रतनवाडीचा अमृतेश्वर पाहा, टाहाकारीचं देवीचं देऊळ पाहा. घडीव दगड एकावर एक चढवलेले, खाचांत बसवलेले आणि आपल्याच वजनाने धरलेले. घुमट, कमानी आणि जाड तटांसाठी चुन्याचा मोठा वापर झाला तो निजामशाहीत. 1490 मध्ये मलिक अहमदने राज्य उभं केलं, तेव्हाचा किल्ला मातीचा होता. 1560 च्या सुमारास हुसेन निजामशहाने तो दगडात बांधून काढला. मग दमडी मशीद, 1583 साली पुरा झालेला फराहबाग, शहाडोंगरावरची सलाबतखानाची अष्टकोनी कबर. या कबरीला लोक आजही चांदबिबीचा महालच म्हणतात.

त्या काळचा माल आसपासचाच होता. काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे खडे भट्टीत भाजायचे, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मग वाळू आणि सुरखी घालून बैलाच्या घाण्यात दळायचा. कुठे गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी, कुठे ताग. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. तिच्यामुळे चुना ओलाव्यातही धरतो. उरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. या कामाला महिने लागतात आणि सुरुवातीला गोणपाटं ओली ठेवावी लागतात.

1803 च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफांनी पुन्हा तटावर मारा केला आणि किल्ला इंग्रजांकडे गेला. दुरुस्तीचा खरा वळणबिंदू मात्र लढाईत नाही. 1914 मध्ये पोरबंदरला सिमेंटचं उत्पादन सुरू झालं आणि पुढच्या काही दशकांत गवंड्याच्या हातातला माल बदलला. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी 1923 च्या आपल्या नियमावलीत बजावलं होतं की जुनी वास्तू नवी करणं हे पहिलं कर्तव्य नाही, ती टिकवणं हे आहे. नियम कागदावर होता आणि पोतं जागेवर हजर होतं. पोत्याची सरशी झाली.

सिमेंट वाईट माल आहे असं मुळीच नाही. आपल्या काळ्या दगडाशी त्याचं जमत नाही, एवढंच. बेसाल्टचा चांगला चिरा इतका घट्ट असतो की भिंतीतला ओलावा त्याच्यातून फारसा जात-येत नाही. तो सांध्यांतून, म्हणजे दर्जांतून, जातो. जुना तट बाहेरून घडीव चिऱ्यांचा, आत डबर आणि चुन्याचा. वरून पाणी गाभ्यात उतरतं आणि उन्हाळ्यात दर्जांतून वाळून निघतं. त्या दर्जा सिमेंटने भरल्या की ही वाट बंद होते. पाणी आतच राहतं, गाभ्यातला चुना विरघळून पांढऱ्या ओघळांनी बाहेर येतो आणि भिंत आतून पोकळ होत जाते. सिमेंटमधले क्षार दगडाच्या कडांपाशी साचतात. जिथे दगड मुळात सच्छिद्र, पांढऱ्या खनिजाच्या ठिपक्यांचा, तिथे त्याचे पापुद्रे सुटतात. राखाडी पट्टा शाबूत आणि दोन्ही बाजूंचा चिरा झिजलेला, असं दृश्य मी जिल्ह्यात ठिकठिकाणी पाहिलं आहे, आणि दर वेळी पोटात तुटतं. भरलेला माल दगडापेक्षा मऊ हवा. कुणाला झिजायचंच असेल तर त्याने झिजावं. तो पुन्हा भरता येतो.

फुटलेल्या कोरीव दगडाचं काम याहून नाजूक. तुटलेली कोर चुना, सुरखी आणि त्याच दगडाची पूड मिसळून थराथराने भरता येते. पूड रंग जुळवते, चुना ओलावा जाऊ देतो. भरलेला भाग जवळून ओळखू यावा, दुरून खटकू नये, ही 1964 च्या व्हेनिस सनदेची अपेक्षा आहे. दमडी मशिदीसारख्या बारीक नक्षीच्या वास्तूत ती फार मोलाची आहे, कारण तिथे अंदाजाने केलेलं नवं फूल म्हणजे सोळाव्या शतकाच्या पाथरवटाच्या तोंडी घातलेलं खोटं वाक्य.

2014 च्या राष्ट्रीय संवर्धन धोरणाने पारंपरिक साहित्य आणि कारागिरांना पुन्हा मान दिला. धोरण गावच्या देवळापर्यंत पोचलं पाहिजे, कारण तिथे जीर्णोद्धार भक्तीने होतो आणि सिमेंट, फरशी, ऑइलपेंट त्याच भक्तीने येतात. ज्या अहिल्यादेवींचं नाव आता जिल्ह्याला आहे, चौंडीच्या त्या लेकीने देशभर देवळं आणि घाट उभारले. गावकऱ्यांच्या श्रद्धेत खोट काढण्याचं कारण नाही. त्यांना चुना मळणारा गवंडी मिळवून द्यायला हवा. निविदेत चुन्याच्या मुदतीला जागा हवी, कुठल्या दर्जेत कोणता माल भरला त्याची नोंद हवी. आणि अकोले तालुक्यातल्या ज्या देवळांत मुळात चुनाच नाही, तिथे दर्जा भरूच नयेत: छतावरचं पाणी वळवावं, पिंपळाची मुळं काढावीत, सरकलेला दगड परत त्याच्या खाचेत बसवावा.