माळेगावची यात्रा आणि टोकियोचं दप्तर

चाकूरहून अहमदपूरमार्गे नांदेडकडे निघालं की लोह्याच्या अलीकडे माळेगाव लागतं. मार्गशीर्षात तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोड्या-गाढवांच्या बाजारासाठी तिचा लौकिक आहे, तसाच लोककलांसाठीही. वाघ्या-मुरळी, गोंधळी, लावणीचे फड अशी सगळी मंडळी तिथे येतात. आता प्रत्येक फडासमोर मोबाइल धरलेले हात उभे असतात. पण आणखी पन्नास वर्षांनी कुणी विचारलं की त्या काळी माळेगावात मुरळी कशी नाचायची, कुणाकडून शिकायची, कोणत्या गावची असायची, तर या ढीगभर व्हिडिओंमधून उत्तर मिळणं कठीण आहे. आपल्याकडे चित्रीकरण उदंड आहे, दप्तर मात्र नाही. हा फरक समजून घ्यायला जपानचं एक उदाहरण फार उपयोगी पडतं.

भातशेतीतून आलेला नाच

तात्सुमी हिजिकाता यांचा जन्म १९२८ चा, उत्तर जपानमधल्या अकिता प्रांतातला. हा बर्फाचा आणि भातशेतीचा मुलूख. १९५९ मध्ये टोकियोत त्यांनी ‘किंजिकी’ हा छोटा नृत्यप्रयोग केला आणि प्रेक्षक हादरले. पुढे ‘बुतो’ म्हणून जगभर गाजलेल्या नृत्याची ती सुरुवात मानली जाते. पाश्चात्त्य बॅले शरीराला ताठ, हलकं करून जमिनीपासून वर नेतो. हिजिकातांनी ते पुन्हा जमिनीकडे वळवलं. वाकलेले गुडघे, आखडलेले हातपाय, म्हातारपण, आजार हे सगळं त्यांच्या नाचात आलं. छायाचित्रकार एइको होसोए यांनी अकिताच्या शेतांत आणि गावकऱ्यांमध्ये त्यांची छायाचित्रं टिपली. ‘कामाइताची’ हे या छायाचित्रांचं पुस्तक १९६९ मध्ये निघालं.

१९८६ मध्ये हिजिकाता गेले. असा नाच मागे ठेवायचा कसा? त्यांच्या वह्या उपयोगी पडल्या. कलाविषयक मासिकांतून कापलेली चित्रं चिकटवायची आणि शेजारी शब्द लिहायचे, अशी त्यांची रीत होती. त्या शब्दचित्रांवरून नर्तकाने हालचाल शोधायची. १९९८ पासून टोकियोच्या केइओ विद्यापीठातल्या कला केंद्रात हिजिकातांचा संग्रह आहे. वह्या, भित्तिपत्रकं, छायाचित्रं, फिल्म असं सारं तिथे एकत्र पाहता येतं. प्रयोगाची फिल्म नाच कसा दिसला ते दाखवते. तो कशातून सुचला, ते वहीत सापडतं.

बुतोचे दुसरे आधारस्तंभ काझुओ ओनो. १९०६ ते २०१० असं दीर्घ आयुष्य त्यांना लाभलं आणि म्हातारपणीही ते नाचत राहिले. २०१३ मध्ये ताकाओ कावागुची या नर्तकाने ओनोंच्या जुन्या व्हिडिओंवरून त्यांच्या हालचाली बारकाव्यांसह अंगात मुरवल्या आणि त्यावर स्वतंत्र प्रयोग उभा केला. कपाटात पडलेली फीत अशी पुन्हा रंगमंचावर आली.

आपल्याकडचा धडा

असं काम आपल्याकडे झालेलंच नाही, असं मात्र नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या समाजशास्त्रज्ञांनी पुण्यातून काम करत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांनी त्यांची संगणकीय माहिती-सूची उभारली आणि १९९० च्या दशकात सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण केलं. हजाराहून अधिक गावं आणि एक लाखाहून अधिक ओव्या, एवढा हा पसारा आहे. २०१७ पासून पत्रकार पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने येत गेल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या तिथे आहेत, आणि परभणीच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाजही. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आहे, गाव आहे. ‘पारंपरिक’ असा शिक्का मारून त्या बाईला कुणी पुसून टाकलेलं नाही.

ओवी कानांनी टिपता येते. नाचाला डोळे लागतात, आणि तेही योग्य जागी. जागरणात मुरळीच्या एका हातात घंटी असते, दुसऱ्या हातात पदराचं टोक. वाघ्याच्या दिमडीवर तिचं पाऊल पडतं. गंमत दिमडीची थाप, घंटीचा नाद आणि पाऊल यांच्या मेळात आहे. आपला कॅमेरा मात्र चेहऱ्यावर जाऊन थांबतो आणि पाय चौकटीबाहेर राहतात. वर एखादं सिनेगीत चढवून व्हिडिओ पुढे ढकलला, की दिमडीही गेली.

इथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. मुलींना खंडोबाला मुरळी म्हणून सोडण्याची प्रथा अन्यायाची होती आणि कायद्याने ती बंद केली. नाचाची नोंद ठेवताना त्या बाईची हकिगत वगळली, तर ते दप्तर खोटं ठरेल. ती सांगायची की नाही, हे मात्र तिने ठरवायचं. चित्रीकरणाला तिची परवानगी हवी, आणि त्यातून पैसा मिळाला तर तिचा वाटाही.

यासाठी मोठं अनुदान लागत नाही. चाकूर, अहमदपूर, लोह्याच्या महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी मनावर घेतलं, तर यंदाच्याच यात्रेत सुरुवात होईल. एक फड पूर्ण चित्रित करायचा: पायांसकट, मूळ आवाजासकट, मध्ये न तोडता. सोबत कलावंताचं नाव, गाव, वय, गुरू, वाद्यं, तारीख आणि परवानगी यांची नोंद करायची. त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या आणि एक कलावंताच्या घरी द्यायची. वाचकांपैकी कुणाच्या घरी जागरण-गोंधळाच्या जुन्या कॅसेट असतील, तर त्या अडगळीत टाकू नका. चुंबकीय फीत कालांतराने खराब होते. त्यावर कोण गातंय ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा.