एका रकान्यात न मावणारी माणसे



शाळेच्या प्रवेशपत्रिकेत 'मातृभाषा' या शब्दापुढे एकाच शब्दापुरती जागा असते. पांढुर्णा किंवा सौंसर येथील एखाद्या गोंड मुलाची पत्रिका भरावयाची झाली, तर तेथे काय लिहावे? आजी गोंडी बोलते, बाजारहाट मराठीत होतो, धडे हिंदीत असतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. रकाना मात्र तेवढाच आहे.

दोन कुळे ज्याच्या ठायी एकत्र आली, त्याने कोणते सांगावे, हा प्रश्न अमेरिकेत फार निष्ठुरपणे सोडविला गेला. तेथील चेरोकी या मूलनिवासी लोकांनीही आफ्रिकी गुलाम बाळगले होते. १८६६ च्या तहाने हे गुलाम मुक्त होऊन त्या राष्ट्राचे नागरिक झाले. पुढे जमिनीच्या वाटपासाठी सरकारच्या डॉस आयोगाने नोंदवह्या केल्या. ज्याच्या चेहऱ्यावर आफ्रिकी छटा दिसे, त्याचे नाव पुष्कळदा 'मुक्त गुलामां'च्या वहीत जाई. आजी चेरोकी असली तरीही! कारकुनाच्या त्या एका नोंदीचा वाद नातवंडा-पतवंडांना न्यायालयात न्यावा लागला. २०१७ साली संघराज्याच्या न्यायालयाने त्यांचे नागरिकत्व मान्य केले आणि २०२१ साली चेरोकींच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रक्ताने' हे शब्द आपल्या घटनेतून काढावयास लावले.

याच काळातील व्हर्जिनियातील हॅम्प्टन ही संस्था मला अधिक बोलकी वाटते. कृष्णवर्णीयांसाठी १८६८ साली ती निघाली आणि १८७८ पासून १९२३ पर्यंत मूलनिवासी विद्यार्थीही तेथे शिकले. गुलामगिरीत जन्मलेले व तेथेच शिकलेले बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याकडे काही काळ मूलनिवासी मुलांच्या वसतिगृहाची देखरेख होती. त्या मुलांची हकीकत त्यांनी 'सदर्न वर्कमन' या संस्थेच्याच मासिकात लिहिली. तिच्यातही 'सुधारणे'चा सूर आहेच. पण हीच संस्था विद्यार्थ्यांची 'आधी' आणि 'नंतर' अशी जोडछायाचित्रे काढून प्रसृत करीत असे. आधी घोंगडी पांघरलेला, नंतर कोट घातलेला! आपली संस्था किती उपकारक आहे, हे जगाला सांगण्यासाठी विद्यार्थ्याचा चेहरा वापरला गेला. त्याला बोलू देण्याची गरज कोणाला वाटली नाही.

आता हे सौंसरच्या मुलाला कशाला सांगावयाचे? छिंदवाड्याचे विद्यापीठ २०१९ साली स्थापन झाले. आज ते राजा शंकर शाह यांचे नाव धारण करते. या गोंड राजाला व त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी जबलपूर येथे तोफेच्या तोंडी दिले. घरी सापडलेली एक कविता त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यात होती. शब्दासाठी मेलेल्या माणसाच्या नावाच्या विद्यापीठाने आपले शब्द कोणाच्या मुखाने उच्चारावेत, हा प्रश्न म्हणूनच लहान नव्हे.

विद्यापीठाच्या जनसंपर्क कार्यालयात एखादा गोंड-मराठी पदवीधर लागला, तर त्याला आदिवासी दिनी फेटा बांधून छायाचित्रापुरते उभे करावे, हा मोह सर्वांनाच होईल. माझ्या मते त्याचे खरे काम निराळे आहे. तीन भाषांमधून दररोज वाट काढणाऱ्याला कोणते वाक्य कोठे अडते, हे ठाऊक असते. शिष्यवृत्तीच्या सूचनेतील 'अनिवार्यतः संलग्न करें' हे शब्द वाचून कोणता बाप कागद घडी करून ठेवतो, ते त्याने घरी पाहिलेले असते. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते, तरी ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. तेव्हा तिच्यात सूचना काढण्याची सक्ती कोणावरही नाही. ती सूचना कोणी स्वतःहून काढीलच, तर असाच कोणी काढील. मात्र तिच्याखाली त्याचे नाव असावे, आणि मुदत संपण्यापूर्वी ती गावाच्या बाजारात मोठ्याने वाचली जावी.