बोंड पिकलेलं हवं

सकाळी ८. जुन्नर सोडून नाणेघाटाच्या रस्त्याला लागलो. नोव्हेंबर अर्धा सरलाय, सोनकी वाळली, तेरडा कधीच संपला. फुलं बघायला येणारी गर्दी ओसरली की आमचं खरं काम सुरू होतं. ओळख पटवायला फुलाइतकंच फळही लागतं.

९.३०. वाळल्या गवतात गुडघ्याएवढं रोप. पानं समोरासमोर, फूल गुलाबी-जांभळं, दोन ओठांचं. पहिला संशय तुळशीच्या कुळाचा, म्हणून पान चुरगळलं. वास नाही. खोड बोटांत फिरवलं, तर तुळशीसारखं चौकोनी नाही. सहा कंगोरे लागले. म्हणजे अडुळशाचं कुळ.

गुरांमागे आलेल्या मामांना विचारलं. "काय न्हाय, रानच हाय ते. शेरडं तोंड लावीत न्हाईत." नाव मिळालं नाही, पण शेरडांचं वहीत गेलं.

११. मुळासकट एक रोप काढलं. वर्तमानपत्राच्या घडीत पसरताना एक पान मुद्दाम उलटं ठेवलं, खालची लवही दिसायला हवी. दाबात फुलाचा रंग उडतो, तो जागीच लिहिला. पिकली बोंडं कागदी पुडीत.

१.१५. फोटो पाहून एकाचा फोन: "कशावर चालते?" नावाआधी उपयोग! बाजारात पित्तपापडा या एकाच नावाखाली वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, त्या याच घाईपायी. काहीही खाऊ नका म्हटलं नि फोन ठेवला.

संध्याकाळी ६. पुण्यात, मायक्रोस्कोपपाशी. फूल छदांच्या जोडीत बसलेलं, नळी अर्धी पिळलेली, पुंकेसर दोनच. आता बोंड. सुई लावताच ते फटकन उकललं, बिया टेबलाखाली. दुसरं बोंड पारदर्शक डबीत धरून उघडलं. बी ज्यावर टेकतं तो बारीक आकडा दिसला, आणि आकडे धरणारा तळाचा भाग सुटून वर उसळलेला. कच्च्या बोंडात हे कधीच कळलं नसतं.

८.३०. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ (१९०१–१९०८) काढला. तळ उसळतो तो डिक्लिप्टेरा, नाही उसळत तो पेरिस्ट्रोफे. २००७ मध्ये पेरिस्ट्रोफेच डिक्लिप्टेरात विलीन झाला, तरी शोध आवरायला ही जुनी खूण अजून कामाची आहे.

जाती मात्र ठरत नाही. तळेगाव दाभाड्याच्या उतारांवरची, वणव्यानंतर पुन्हा फुलणारी डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा २०२४ मध्ये नवी जाती म्हणून प्रसिद्ध झाली, त्यामुळे जुन्या पुस्तकात सगळं असेलच असं नाही. उठसूट नवी जाती सापडल्याचा डंका पिटणं त्याहून वाईट.

१०. लेबलवर डिक्लिप्टेरा, पुढे जागा मोकळी, तेही पेन्सिलीनं. टिपकागद बदलले. उद्या हर्बेरियममधली घाटमाथ्यावरची शीटं मागवायची आहेत, छदांचा आकार ताडून बघायला.