बाद पद्धतीचं मुष्टियुद्ध: काही पक्के गैरसमज

१७ ऑगस्ट २०२२ ला रायपूरच्या बलबीरसिंह जुनेजा इनडोअर स्टेडियममध्ये विजेंदर सिंहने घानाच्या एलियासू सुलीला दुसऱ्याच राउंडमध्ये आडवं केलं. दुर्गमधल्या आमच्या पद्मनाभपुरापासून हे स्टेडियम जेमतेम चाळीस किलोमीटरवर. दुर्ग-भिलाईतल्या ज्या पोरांना बॉक्सिंगची ओढ आहे त्यांच्यासाठी व्यावसायिक मुष्टियुद्ध त्या रात्री दारात आलं. पण या खेळाबद्दल घराघरांत जे बोललं जातं त्यातलं बरंचसं ऐकीव असतं, आणि उद्या एखाद्या पोराने हातमोजे मागितले तर निर्णय या ऐकीव गोष्टींवरच होतो.

“एकही लढत न हरलेला म्हणजे सर्वांत भारी”

सुली रायपूरला आला तेव्हा त्याच्या नावावर आठ लढती होत्या. आठही जिंकलेल्या, आठही नॉकआउटने. विजेंदर मात्र मार्च २०२१ मध्ये गोव्यात ‘मॅजेस्टिक प्राइड’ या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर रशियाच्या आर्तिश लोपसानकडून पाचव्या राउंडमध्ये हरून आलेला. त्याआधीची सलग बारा विजयांची मालिका तिथे तुटली होती. नुसता कागद पाहिला तर पारडं सुलीचं जड होतं. रिंगमध्ये काय झालं ते वर सांगितलंच.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये कोण कुणाशी लढणार हे प्रवर्तक ठरवतात. उमेदीच्या खेळाडूला सुरुवातीला झेपतील असे प्रतिस्पर्धी देतात, आणि त्यात लबाडीच असते असं नाही. तो घडतो तसाच. पण त्यामुळे आठ-शून्य, बारा-शून्य हे आकडे समोर कोण उभं होतं हे पाहिल्याशिवाय वाचू नयेत. बाद पद्धतीच्या स्पर्धेची खरी किंमत इथे कळते. ड्रॉ पडला की समोर येईल त्याच्याशी लढायचं, जिंकला तर पुढे, हरला तर घरी. सोयीचा प्रतिस्पर्धी निवडायला फारशी जागाच उरत नाही. मला ही पद्धत मनापासून आवडते, ती याच कारणासाठी.

“नॉकआउट स्पर्धा म्हणजे प्रत्येक लढतीत कुणीतरी बेशुद्ध पडणार”

हा सगळ्यांत पसरलेला समज. स्पर्धा बाद पद्धतीची असली तरी लढत गुणांवरही संपते, आणि मोठ्या लढतीही पुष्कळदा गुणांवरच संपतात. ‘वर्ल्ड बॉक्सिंग सुपर सीरिज’मध्ये प्रत्येक वजनगटात आठ जण असत, म्हणजे उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशा तीन पायऱ्या. २०१७-१८ च्या पहिल्या हंगामात क्रूझरवेट गटात युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने फक्त पहिली लढत, मार्को हुकविरुद्धची, पंचांनी थांबवल्यामुळे जिंकली. रीगामध्ये मायरिस ब्रिएडिसविरुद्ध तर एका गुणलेखकाने ११४-११४ अशी बरोबरी दिली होती. उरलेल्या दोघांनी ११५-११३ दिले म्हणून उसिक अंतिम फेरीत पोहोचला. तिथे त्याने मुरात गासिएव्हला बाराही राउंड चुकवत, फिरवत गुणांवर हरवलं.

त्याहून बोलका दाखला याच मालिकेतल्या बँटमवेटचा, म्हणजे साडेत्रेपन्न किलोंचा. जपानच्या नाओया इनोउएने पहिल्या फेरीत हुआन कार्लोस पायानोला अवघ्या ७० सेकंदांत संपवलं, उपांत्य फेरी दुसऱ्या राउंडमध्ये उरकली. अंतिम लढत ७ नोव्हेंबर २०१९ ला सैतामात, फिलिपिन्सच्या नोनितो दोनेरशी. दुसऱ्या राउंडमध्ये दोनेरच्या डाव्या हुकने इनोउएच्या उजव्या डोळ्यावर जखम झाली. नंतरच्या तपासणीत डोळ्याच्या खोबणीचं हाड आणि नाक मोडल्याचं निघालं. त्या अवस्थेत तो उरलेले दहा राउंड लढला. अकराव्यात त्याचा ठोसा दोनेरच्या यकृतावर बसला, दोनेर खाली गेला, मोजणी संपायच्या आत उठला आणि शेवटची घंटा होईपर्यंत उभा राहिला. निकाल गुणांवर लागला. लहान वजनगटांत दम नसतो म्हणणाऱ्यांनी ही एक लढत पाहावी.

“ऑलिम्पिकसारखंच, फक्त पैसे मिळतात”

ऑलिम्पिकमध्ये तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड असतात. एक खेळाडू दोनेक आठवड्यांत चार-पाच लढती खेळू शकतो. विजेंदरचं २००८ चं बीजिंगचं कांस्यपदक अशाच लागोपाठच्या लढतींतून आलं. व्यावसायिक जगज्जेतेपदाची लढत बारा राउंडांची. वेल्टरवेटपर्यंत हातमोजे आठ औंसांचे, म्हणजे ऑलिम्पिकपेक्षा हलके. शरीर सावरायला आठवडे नाही, महिने लागतात. म्हणून व्यावसायिक बाद स्पर्धा वर्षभर, कधी त्याहूनही लांबते आणि मध्येच विस्कटते. फेब्रुवारी २०१८ मध्ये जॉर्ज ग्रोव्ह्सने सुपर सीरिजमधली उपांत्य लढत जिंकली, पण खांदा निखळला. त्याची अंतिम लढत थेट सप्टेंबरच्या अखेरीस जेद्दाहला झाली आणि कॅलम स्मिथने ती जिंकली. दोनेरच्या गटातही झोलानी टेटेने खांद्याच्या दुखापतीमुळे उपांत्य फेरी सोडली आणि ऐनवेळी दुसरा गडी उतरवावा लागला. अशा स्पर्धा वारंवार का होत नाहीत याचं एक उत्तर दुखापतींत आहे. तरीही एप्रिल २०२५ मध्ये रियाधला सुरू झालेल्या, डब्ल्यूबीसी या संघटनेच्या ग्रां प्रीने पट खूपच मोठा मांडला: फेदर, सुपर लाइट, मिडल आणि हेवी हे चार गट, प्रत्येकी ३२ जण. म्हणजे प्रत्येक गटात ३१ लढती, आणि विजेत्याला ओळीने पाच जिंकणं भाग.

“स्पर्धा जिंकली म्हणजे विश्वविजेता”

तसं नाही. जगज्जेतेपदाचे पट्टे डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटना देतात. उसिक चारही पट्ट्यांचा धनी झाला, कारण स्पर्धेत उतरलेल्या खेळाडूंकडेच ते होते आणि प्रत्येक लढतीत ते पणाला लागले. विजेंदरने ५ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत, वरळीच्या एनएससीआयमध्ये झुल्पिकार मैमैतियालीला हरवलं तेव्हा राखला तो डब्ल्यूबीओचा आशिया पॅसिफिक आणि मिळवला तो ओरिएंटल, म्हणजे दोन्ही प्रादेशिक पट्टे. त्यांचाही मान आहेच. पण आपल्याकडे कौतुकाच्या भरात या पायऱ्या एक करून टाकतात आणि मग खेळाडूवर नसलेल्या किताबाचं ओझं येतं.

“डोक्याला टोप घातला की मेंदू सुरक्षित”

आईवडिलांना सर्वांत जास्त धीर या टोपाचा वाटतो, म्हणून स्पष्ट लिहितो. टोपामुळे भुवई फाटणं, कातडी सोलणं कमी होतं. ठोशाने डोकं झटक्यात वळतं आणि कवटीच्या आत मेंदू हलतो, त्यावर टोपाचा फारसा इलाज नाही. वरच्या पातळीवरच्या पुरुषांच्या हौशी लढतींतून तो २०१३ मध्ये काढला. व्यावसायिक लढतीत तो नसतोच. हातमोजाही मुख्यतः ठोसा मारणाऱ्याच्या बोटांचं रक्षण करतो. खरं रक्षण होतं ते रेफरीने वेळेवर लढत थांबवल्याने, रिंगशेजारच्या डॉक्टरमुळे आणि नॉकआउटनंतर सक्तीने दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय विश्रांतीमुळे.

वजनाचा धोका याला लागूनच येतो. व्यावसायिक लढतीचं वजन आदल्या दिवशी होतं, म्हणून पाणी तोडून, घाम गाळून खालच्या गटात उतरायचा मोह होतो. रात्रीतून पाणी पिऊन वजन परत येतं. शोषलेलं शरीर तितक्या लवकर सावरत नाही. बाद स्पर्धेत हे एका वर्षात तीन-चार वेळा करावं लागतं. सतरा-अठराच्या पोराने हा प्रयोग करूच नये. वाढत्या अंगाला जो गट बसेल तोच त्याचा.

हौशी स्पर्धांत काही वर्षं घालवल्यावर पोरासमोर व्यावसायिक लढतीचा कागद आला तर घरच्यांनी मानधनाच्या आधी चार गोष्टी विचाराव्यात: राउंड किती, समोरच्याच्या आधीच्या लढती कुणाशी झाल्या, रिंगपाशी डॉक्टर आणि रुग्णवाहिका असणार का, आणि पोरगा बेशुद्ध पडला तर पुढच्या लढतीआधी त्याला विश्रांती किती देणार. चारांपैकी एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं तर सही करू नये.