घराचे काम कोणाच्या हाती सोपवावे?

घर विकत घेताना आपण किती काळजी घेतो, हे शाखेत बसणाऱ्या आम्हा मंडळींना चांगलेच ठाऊक असते. वकिलाकडून मालकी हक्काचा शोध घेतला जातो, मूल्यांकनकार प्रत्यक्ष पाहणी करून जातो, कागदाचा एकेक तुकडा तपासला जातो. त्याच घरात दहा वर्षांनी नवी फरशी बसवायची वा स्वयंपाकघर वाढवायचे ठरले, की मात्र हे सारे विसरले जाते. शेजाऱ्याने सुचविलेला किंवा सकाळी मजूर अड्ड्यावर भेटलेला मिस्त्री येतो, बोटांवर हिशेब करून आकडा सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी घण चालू होतो. तो मिस्त्री कोण, त्याला काय येते, काही बिघडले तर तो सापडणार कोठे, यांपैकी एकही प्रश्न विचारलेला नसतो.

आमच्या गुरुग्राममध्ये (२०१६ पर्यंतचे गुडगाव) हे दृश्य नित्याचे आहे. या गावाशी मराठी माणसाचे नाते तसे जुने. ३० डिसेंबर १८०३ रोजी विदर्भातील सुर्जी-अंजनगाव येथे झालेल्या तहाने दौलतराव शिंद्यांकडून हा मुलूख इंग्रजांकडे गेला. आज नोकरीनिमित्त येथे स्थिरावलेली मराठी कुटुंबे उंच मनोऱ्यांतील सदनिकांत राहतात. गावापासून दूर, ओळखीचा गवंडी नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचा सुतार नाही. अशा वेळी जो भेटेल त्याच्यावर विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नाही, असे अनेकांना वाटते.

या विश्वासाची किंमत काय असू शकते, याची जाणीव शहराला १० फेब्रुवारी २०२२ रोजी झाली. सेक्टर १०९ मधील चिंटल्स पॅराडिसो या संकुलाच्या 'डी' मनोऱ्यात सहाव्या मजल्यावरील एका सदनिकेत नूतनीकरणाचे काम चालू होते. सायंकाळी त्या सदनिकेच्या बैठकीची जमीन खचली आणि तिच्या भाराखाली एकेक मजल्याचा स्लॅब कोसळत थेट पहिल्या मजल्यापर्यंत गेला. दोन महिलांना प्राण गमवावे लागले. सुरुवातीस बोट त्या नूतनीकरणाकडे दाखविले गेले. पुढे दिल्लीच्या आयआयटीने तपासणी केली, तेव्हा मूळ बांधकामच सदोष असल्याचे दिसून आले. काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण अधिक होते, त्यामुळे आतील सळया गंजल्या होत्या, आणि दुरुस्ती व्यवहार्य नसल्याने हा मनोरा पाडण्याचीच शिफारस करावी लागली.

मग येथे कंत्राटदाराचा प्रश्न येतोच कोठे, असे वाचक विचारतील. तो येतो तो असा. सुदृढ इमारत फरशी बदलल्याने पडत नाही, हे खरे. परंतु आपली इमारत सुदृढ आहे की नाही, हे घण मारण्यापूर्वी पाहणारा कोणी तरी असावा लागतो. गंजलेली सळई फुगते व काँक्रीटला आतून तडा देते. छतावर तांबूस डाग उमटतात, प्लास्टर ठोकले असता पोकळ आवाज येतो, सळईच्या रेषेत सरळ भेगा दिसतात. जाणकार अभियंता ही लक्षणे पाहताच काम थांबवून आधी तपासणी सुचवितो. रोजंदारीवरील मिस्त्री त्याच भेगेत पुट्टी भरून वर रंग देतो. त्यात त्याचा दोष थोडा. त्याला तेच काम सांगितलेले असते.

क्लोराइड येते ते बहुधा पाण्यावाटे वा वाळूवाटे. सळया असलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक क्लोराइड नसावे, असे भारतीय मानक (आयएस ४५६, सन २०००) सांगते. खारट चवीचे बोअरचे पाणी सिमेंटात मिसळणाऱ्यास ही मर्यादा ठाऊक असेल काय?

आता भाराचा हिशेब पाहू. तो कोणाही गृहस्थास कागदावर मांडता येईल. खर्च व धूळ टाळण्यासाठी जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसविण्याची पद्धत रूढ झाली आहे. पाच सेंटिमीटर जाडीचा मसाला आणि त्यावर दोन सेंटिमीटरचा संगमरवर धरला, तर दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो वजन वाढते. निवासी खोलीत माणसे, सामान, कपाटे या सर्वांसाठी मिळून आपल्या मानकांत धरलेला भार आहे चौरस मीटरला साधारण दोनशे किलो. म्हणजे माणूस घरात पाऊल टाकण्यापूर्वीच त्यातील तीन चतुर्थांश हिस्सा संपला! तीनशे चौरस फुटांच्या बैठकीत हे वजन चार टनांच्या घरात जाते. त्यात खोलीच्या मध्यभागी रचलेल्या सिमेंटच्या चाळीस पिशव्या म्हणजे आणखी दोन टन. कोपऱ्यातील राडारोड्याचा ढीग निराळाच. पातळ चिकट थर वापरून हे वजन पुष्कळ कमी करता येते, पण तसे सुचविण्यासाठी आधी हिशेब यावा लागतो.

मुंबईकरांना २५ जुलै २०१७ चा घाटकोपरचा प्रसंग आठवत असेल. साईसिद्धी ही इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते आणि त्यात इमारतीच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांचा त्या कामाशी काडीचाही संबंध नव्हता. भिंत आपल्या सदनिकेत असली, तरी खांब साऱ्या इमारतीचा असतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

'परवानाधारक कंत्राटदार नेमा' हा सल्ला देणे सोपे आहे. प्रत्यक्षात घरदुरुस्तीच्या सर्व कामांना पुरेल असा एकच परवाना आपल्याकडे नाही. प्रत्येक शाखेचा जाणकार वेगळा, आणि त्याचा कागदही वेगळा. वास्तुविशारद म्हणविणाऱ्याची १९७२ च्या कायद्यान्वये वास्तुविद्या परिषदेकडे नोंदणी असावी लागते. भिंत पाडणे, खांब-तुळईजवळ छिद्र घेणे, गच्चीवर टाकी चढविणे अशा कामांना संरचना अभियंत्याचे लेखी मत घ्यावे. नळजोडणीसाठी पालिकेचा परवाना असलेला नळ-कारागीर पाहावा. विजेच्या बाबतीत तर नियम अगदी स्पष्ट आहे. राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदारानेच, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली, मांडणीचे काम करावयाचे असते. दिवा, पंखा वा बटण बदलण्यासारख्या किरकोळ कामांना तेवढी सूट आहे.

हा नियम आपण सर्वांत अधिक मोडतो, आणि दिल्ली परिसरातील उन्हाळ्यात तो सर्वांत अधिक महाग पडतो. पूर्वी एक कूलर चालत असे, तेथे आज तीन वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी चालतात. एकेका यंत्राचा भार दीड-दोन किलोवॉट. तारा मात्र जुन्याच, अनेकदा दिव्यापुरत्या जाडीच्या. तार तापते, आवरण वितळते. सर्किट ब्रेकर वारंवार पडू लागला की हौशी कारागीर तारेची जाडी न पाहता अधिक क्षमतेचा ब्रेकर बसवून देतो. घरमालक समाधानी होतो, आणि आगीस रोखणारा एकमेव पहारेकरी कायमचा झोपी जातो. परवानाधारक मनुष्य प्रथम एकूण भार मोजतो, वितरण निगमाकडून मंजूर भार वाढवून घेण्यास सांगतो, अर्थिंग तपासतो आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारे साधन बसवितो.

येथे थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने आपल्या सदनिकेतील न्हाणीघराचे काम एका 'ओळखीच्या' कारागिरास दिले. दर निम्मा होता. बिल नको म्हटले की कर वाचतो, हेही त्यानेच सांगितले. आणि बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाने ते ऐकले, हे लिहिताना आजही ओशाळल्यासारखे होते. जलरोधक थर दिल्यावर दोन दिवस पाणी साठवून पाहावे आणि मगच फरशी बसवावी, ही साधी चाचणी त्याने केली नाही, आम्ही विचारली नाही. चौथ्या महिन्यात खालच्या वहिनींच्या देवघराचे छत ओले झाले. तोपर्यंत कारागिराचा दूरध्वनी बंद झाला होता. नवी फरशी उखडून सारे काम दुसऱ्यांदा केले, खालचे छतही आमच्याच खर्चाने रंगविले. वहिनींनी एक शब्दही बोलून दाखविला नाही, हे अधिक जड गेले.

बिल हे केवळ कराचे कागद नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत गृहबांधणीचा समावेश आहे. घरकामातील कंत्राटदाराविरुद्ध तक्रार करावयाची झाल्यास मोबदला दिल्याचा पुरावा हाताशी हवा, आणि तक्रार सामान्यतः दोन वर्षांच्या आत करावी लागते. रेरा कायद्यातील तरतूदही येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेत दोष आढळला, तर तो विनामूल्य दुरुस्त करण्याचे दायित्व विकासकावर आहे. परंतु मधल्या काळात आपण कोणाकडून तरी भिंत पाडून घेतली असेल, तर विकासक प्रथम त्याच भिंतीकडे बोट दाखवील. त्या वेळी अभियंत्याचे मत आणि सोसायटीची लेखी परवानगी आपल्या धारिकेत असली, तर उत्तर देता येते.

नूतनीकरणासाठी कर्ज मागणाऱ्या ग्राहकांकडे शाखा कामाचे तपशीलवार अंदाजपत्रक मागते, आणि रक्कम कामाच्या प्रगतीनुसार टप्प्याटप्प्याने देते, याचा काहींना राग येतो. वास्तविक स्वतःच्या शिलकीतून काम करणाऱ्यांनीही हीच रीत उचलावी. साहित्याची प्रत, टप्पे, मुदत व दोषदुरुस्तीचा काळ लिहून घ्यावा, पैसे धनादेशाने वा खात्यातून द्यावेत, आणि दहा टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावी. या अटी वाचून जो कंत्राटदार उठून जाईल, त्याला चहा देऊन निरोप द्यावा.